तैलरंग, अ‍ॅक्रिलिक की जलरंग? पोत पाहून चित्र निवडताना

घरात लावायला हाताने काढलेलं चित्र घ्यायचं असेल, तर फोटोवरून ठरवू नका. फोटो काढताना उजेड सगळीकडून सारखा टाकतात, त्यामुळे उंचवट्यांच्या सावल्या उरत नाहीत आणि पोत सपाट दिसतो. प्रत्यक्ष चित्राच्या बाजूने टॉर्चचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. कुंचल्याच्या केसांच्या रेघा, सुरीने ओढलेल्या रंगाची उभी कड, कॅनव्हासची वीण, सगळं उठून येतं.

जाड थराचं काम आवडत असेल तर खरी निवड तैलरंग की अ‍ॅक्रिलिक एवढीच. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतं. त्यातून उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून कड लावली तशीच धारदार राहते. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडतं, थर थोडा बसतो आणि कडा गोलसर होतात. म्हणूनच उठाव हवा असलेले चित्रकार हेवी बॉडी म्हणजे घट्ट अ‍ॅक्रिलिक रंग किंवा उठाव देणारी जाड मोल्डिंग पेस्ट वापरतात.

तैलरंगाची अडचण वेळेची. वरून कोरडा वाटणारा जाड थर आतून कित्येक महिने ओला असू शकतो. नेहमीचं वॉर्निश साधारण 6 ते 12 महिन्यांनी लावतात, तेव्हा चित्र कधी पूर्ण झालं ते जरूर विचारा. तेलकट थरावर कमी तेलाचा, लवकर सुकणारा थर चढवला असेल तर वरचा थर तडकतो. तेल फार झालं तर पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. दोन्ही दोष टॉर्चच्या उजेडात सापडतात.

अ‍ॅक्रिलिक लवचीक असल्याने सहसा तडकत नाही. पण उष्णतेत ते मऊ पडतं, धूळ धरतं, आणि बबल रॅप थेट गुंडाळला तर त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला कागद घालायला सांगा. थंडीत उलट ते ठिसूळ होतं, तेव्हा कॅनव्हासची गुंडाळी करू नये.

जलरंगात पोत कागदाचा. रफ म्हणजे खडबडीत कागदावर अल्ट्रामरीनसारख्या निळ्या रंगाचे कण खोलगट जागी साचतात, तर कोरडा कुंचला फक्त उंचवट्यांना स्पर्श करून जातो. हा दाणेदार परिणाम पाहणं फार सुखाचं असतं. हॉट प्रेस कागद गुळगुळीत, तिथे हा खेळ जवळपास नाही. जलरंगाला काच हवीच, ती परावर्तन कमी करणारी घ्या आणि माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावून कागदापासून दूर ठेवा. काचेला टेकलेल्या कागदावर ओल धरून बुरशी येते. उन्हाची भिंत असेल तर जलरंग नकोच, बरेच रंग फिके पडतात.

कॅनव्हासवरच्या छापील प्रतीवर कधीकधी पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात. दहापट भिंगातून शाईचे ठिपके दिसतात आणि जेलच्या रेघा चित्रातल्या रंगाच्या दिशेशी जुळत नाहीत. पोतासाठीच घेत असाल तर एवढ्याच खर्चात छोटं एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून काढलेला छाप) घ्या: ओल्या कागदात दाबलेल्या प्लेटची चौकट आणि किंचित वर उठलेली शाई तिरक्या उजेडात स्वच्छ दिसेल.