संगीताची डिग्री देतो म्हणणाऱ्या सेंटरपासून सावध राहा (सोलापूर)

बारावीचे निकाल लागले की सोलापुरात परत अशा सेंटरचे बोर्ड लागतील म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय.

माझी धाकटी बहीण गाते, गांधर्व मंडळाची मध्यमा ही गाण्याची परीक्षा पूर्ण झालीय आणि पुढं तिला संगीत शिक्षिका व्हायचंय. विशारद झाली तरी ती मंडळाची परीक्षा, विद्यापीठाची पदवी नव्हे, त्यामुळं सोबत डिग्री पाहिजेच असं सगळे सांगत होते, आणि पुण्याला ठेवायचं म्हणजे रूम, मेस, खर्च लै होतो. नेमकं हेच त्या सेंटरवाल्याला पाठ होतं. म्हणला, ताई तुमची मध्यमा झालीय ना, मग डायरेक्ट सेकंड इयर, कॉलेजला यायचं नाही, प्रॅक्टिकल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवून, युनिव्हर्सिटी बाहेरच्या राज्यातली. चित्रकलेच्या पोरांना तर बीएफए, म्हणजे चित्रकलेची डिग्री, दीड वर्षात देतो म्हणत होता. बीएफए चार वर्षांचं असतंय, आपल्याकडं त्याला राज्याची सीईटी द्यावी लागते, हा दीड वर्षात कुठनं देणार!

भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट, नीती आयोगाच्या पोर्टलवर संस्था रजिस्टर असल्याचा कागद, सगळं फ्रेम करून लावलेलं. बघणाऱ्याला वाटतं सरकारी काम आहे. पण त्या पोर्टलवर कुठलीबी ट्रस्ट नोंद करू शकते, त्याचा डिग्रीशी काडीचा संबंध नाही. वडिलांनी 25 हजार भरले, तेबी युपीआयनं एका माणसाच्या नावावर, आणि पावती आली ती कुठल्यातरी कला ट्रस्टची, युनिव्हर्सिटीचं नाव त्यावर कुठंच नाही. व्हेरिफिकेशनला पाहिजे म्हणून बारावीची ओरिजिनल मार्कशीट आणि मध्यमेचं सर्टिफिकेट पण ठेवून घेतलं.

भांडं फुटलं ते सिलॅबसमुळं. झेरॉक्सचा गठ्ठा दिला होता, त्यात राग भूप, वादी (रागाचा मुख्य सूर) मध्यम असं छापलेलं. बहीण हसायलाच लागली. भूपात मध्यम आणि निषाद हे सूर लागतच नाहीत ओ, वादी गंधार, संवादी धैवत, हे पहिल्या परीक्षांची पोरं पण सांगतील. ज्यांनी हे छापलं ते तीन मिनिटांचा व्हिडिओ बघून काय तपासणार होते? खऱ्या परीक्षेत परीक्षक समोर बसून आलाप, ताना म्हणायला लावतात, हातावर ताल धरून दुगुन म्हणजे दुप्पट लय करायला सांगतात, मधेच थांबवतात.

विचारायला गेलो तर उलट आम्हालाच, "यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) फेक लिस्टमध्ये आमचं नाव दाखवा, लगेच पैसे परत." आणि खरंच त्या यादीत नाव नव्हतं. इथंच लोक गप्प बसतात बघा. फेक यादीत फक्त यूजीसीच्या नजरेत आलेली नावं असतात. बघायची असते ती मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी, केंद्राची, राज्यांची, खासगी, अभिमत, सगळ्या बघितल्या, ह्यांचं विद्यापीठ एकातही नाही. 1956 च्या यूजीसी कायद्यात कलम 22 आहे, कायद्यानं स्थापन झालेलं किंवा अभिमत विद्यापीठ, नाहीतर संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनीच पदवी द्यायची. हे त्याला वाचून दाखवलं तेव्हापासून फोन उचलत नाही.

आणि ओरिजिनल कागद कॉलेजनं ठेवून घ्यायचे नाहीत असं यूजीसीनं 2018 लाच खऱ्या कॉलेजांनाही सांगितलंय. म्हणून कोणी मागितले तर दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल परत पिशवीत घाला.

पोलिसात अर्ज दिलाय. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या पुढं फिरवले जातात. बारावीच्या डुप्लिकेट मार्कशीटसाठी आपलं विभागीय बोर्ड पुण्याला आहे, तिकडं अर्ज करायचाय. अजून कोणाचे कागद अशा सेंटरमध्ये अडकले असतील तर मेसेज करा, अर्जाची कॉपी पाठवतो, सगळ्यांनी मिळून दिला तर पोलीस जरा लवकर हलतील.