'द ड्राफ्ट्समन्स कॉन्ट्रॅक्ट' : जुनी डीव्हीडी पुरे की नवी ब्लू-रे घ्यावी?

दिग्दर्शक पीटर ग्रीनअवेच्या या १९८२ च्या चित्रपटाची डीव्हीडी ज्यांच्या संग्रही आहे, त्यांनी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०२२ साली ४के (अतिसूक्ष्म तपशिलाच्या) पुनरुज्जीवनानंतर काढलेली ब्लू-रे पुन्हा पैसे मोजून घ्यावी का, हा प्रश्न मलाही पडला होता आणि बरेच दिवस चालढकल करून अखेर मी ती घेतली.

डीव्हीडी अगदीच टाकाऊ आहे असे म्हणवत नाही. नटवे, बोचरे संवाद आणि सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकार पर्सेलच्या सुरावटींवर संगीतकार मायकेल नायमनने बांधलेले संगीत हा या चित्रपटाचा निम्मा प्राण आहे, आणि तो तिच्यातही शाबूत आहे. लहान पडद्यावर एकदाच पाहणाऱ्याचे तिच्यावर भागेल.

माझे मात्र एका जाळीमुळे भागेना. १६९४ च्या उन्हाळ्यात नेव्हिल हा चित्रकार एका जमीनदाराच्या वाड्याची व बागांची बारा चित्रे काढण्याचा करार करतो. तारांची जाळी ताणलेली चौकट तो समोर उभी करतो, तिच्यातून जे दिसेल ते जसेच्या तसे कागदावर उतरवतो, आणि कॅमेराही वारंवार त्याच चौकटीतून पाहतो. खिडकीला टेकवलेली शिडी, कुठेतरी राहून गेलेले बूट, अशा किरकोळ वस्तू चित्रांत येतात आणि पुढे त्यांनाच पुराव्याचे वजन चढते. माझ्या डीव्हीडीत त्या तारा तुटक, करवतीच्या दात्यांसारख्या दिसत आणि मागची हिरवळ सतत थरथरत राही. एकदा हे डोळ्यांत खुपू लागल्यावर मी शिडीऐवजी तारांकडेच पाहू लागलो, आणि ज्या रहस्यपटात पाहणे हाच तपास आहे, तिथे हे फारच महागात पडते. ब्लू-रेवर तार बारीक आणि स्थिर आहे. चित्र थांबवून जाळीतला एखादा चौकोन कागदावरच्या रेघांशी ताडून पाहता येतो. ही चित्रे ग्रीनअवेने स्वतःच्या हाताने काढली आहेत, त्यामुळे त्या खेळाला वेगळीच गंमत येते.

तरीही अपेक्षा बेताचीच ठेवावी. चित्रीकरण सुपर १६ या १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर झालेले असल्याने ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, आहे, आणि मेणबत्त्यांच्या उजेडातल्या जेवणाच्या प्रसंगांत तो चांगलाच जाणवतो. मला तो डीव्हीडीतल्या चिखलासारख्या तपकिरी अंधारापेक्षा बरा वाटला. गुळगुळीत चित्राची सवय असलेल्यांना कदाचित वाटणार नाही. केसांच्या भल्यामोठ्या टोपांच्या कडा आणि चेहऱ्यांवरची पावडरही आता लपत नाही, पण या मंडळींचा नाटकीपणा मुद्दाम ठेवलेला असल्याने माझी त्याला हरकत नाही.

खरेदीपूर्वी डिस्कचा रीजन (ती कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल याचा कोड) आपल्या प्लेअरला चालतो का, एवढे तपासून घ्यावे. मी डीव्हीडी अजून ठेवली आहे ती केवळ कुणी मागितली तर देता यावी म्हणून. ब्लू-रे मी सहसा कुणाला देत नाही.