मास्तर, माझा जुना सूट आणि दीड इंच माया

शिंप्याच्या या दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि मास्तरांचं वय झालंय, उगाच कशाला. लक्ष्मी रोडच्या मागे एका गल्लीत अर्धा जिना चढून गेलं की एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि कडेला पारा उडालेला आरसा, एवढंच दुकान.

झालं असं की २०१४ ला स्वतःच्या लग्नात मी रेडिमेड सूट घेतला होता, तेव्हाच्या फॅशनचा, एकदम स्किनी, आखूड कोट, दोन बोटांचं लॅपल (कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी) आणि टाय म्हणजे नुसती नाडी. तेव्हा जाम भारी वाटलेलं. आता मेहुण्याच्या लग्नासाठी काढला तर बटण लागेना, म्हणून मास्तरांकडे नेला की जरा सैल करून द्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, अस्तराचे दोन टाके उसवून आत बघितलं आणि म्हणाले, "यात माया कुठाय? सैल करायला कापड लागतं साहेब." खरंच, माया म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जादा कापड, ते जेमतेम अर्धं पेर होतं. मग काजाच्या खाली कोट चिमटीत धरून चोळून दाखवला. चांगल्या कोटात वरचं कापड आणि अस्तर यांच्यामधे कॅनव्हासचा तिसरा थर सुटा हाताला लागतो, माझ्यात तो चिकटवलेला होता, आणि ड्रायक्लीनला देऊन देऊन छातीवर बारीक फुगे आलेले जे मी इतकी वर्षं कापडाचं डिझाईन समजत होतो!

तसं बघितलं तर तो बारीक कट आपल्या अंगासाठी काढलेलाच नव्हता. २००० ते २००७ हेडी स्लिमान हा डिझायनर पॅरिसला डिऑर ओममधे, म्हणजे डिऑरच्या पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात होता, त्याने तो गाजवला, आणि त्याचे कपडे घालता यावेत म्हणून शनेलचा डिझायनर कार्ल लागरफेल्डने ४० किलोच्या वर वजन उतरवलं. आम्ही मात्र श्रीखंड पुरी खाऊन ट्रायल रूममधे शिरलो.

तर नवीन शिवायला टाकला. नेव्ही ब्लू टेरीवूल, ५८ इंच पन्हा, सव्वातीन मीटर. माप घ्यायला वीस मिनिटं, त्यातली निम्मी खांद्यावर, कारण म्हणे कंबर, बाही, उंची सगळं नंतर मागेपुढे करता येतं पण खांदा चुकला की कोट गेला. मला टोकदार पीक लॅपल हवं होतं, ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खडूने साधं, खाच असलेलं नॉच लॅपल काढलं, कॉलर ते खांदा याच्या बरोबर निम्म्यावर संपणारं. बाही अशी की शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर दिसतो. कोटाच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया ठेवलीये, ती मुद्दाम उलटून दाखवली, वर माझ्या पोटाकडे बघून "लागेल" म्हणाले.

आता तक्रारी. पंधरा दिवस सांगून पाच आठवडे लावले, दुसरी ट्रायल हळदीच्या आदल्या दिवशी, माझं बीपी वाढलं. फोन उचलत नाहीत. पार्किंग विसरा. आणि पँट त्यांनी त्यांच्याच मनाने उंच कमरेची, पुढे दोन प्लीट्स (चुण्या) घालून शिवली, मोहरी म्हणजे पायाशी घेर पण चांगला ऐसपैस. घरी घालून बघितली तर बायको म्हणाली बाबांची घातलीस का. चिडून बदलायला परत नेणार होतो पण वेळच नव्हता, तशीच घातली, आणि पंगतीला बसल्यावर कळलं की पोटात काहीच रुतत नाहीये. पुढच्या आठवड्यात तीच पँट ऑफिसला घालून गेलो तर आमच्या टीममधला २४ वर्षांचा पोरगा, जो स्वतः ढगळ पँटी घालतो, विचारतो सर कुठून घेतली, एकदम स्टायलिश आहे. मास्तर गेली चाळीस वर्षं हीच पँट शिवतायत, मधे एवढी फॅशन येऊन गेली ती त्यांनी बघितलीच नसावी.

संगीत किंवा रिसेप्शनसाठी काही चमकदार, एकदाच घालायचं हवं असेल तर इथे जाऊ नका, मॉलमधून घ्या, स्वस्त पडेल आणि वेळेत मिळेल. पाचपैकी चार, एक स्टार त्या पाच आठवड्यांचा कापला. आणि पावती जपून ठेवा, पावतीशिवाय मास्तर ओळखसुद्धा दाखवत नाहीत.