‘मशीन पुराना है’ म्हणत गळ्यात मारलेली हार्ड डिस्क

मला ‘नवी, सीलबंद’ म्हणून विकलेली दोन टीबीची हार्ड डिस्क कुठल्याशा औषधाच्या दुकानातल्या सीसीटीव्हीमधून काढलेली निघाली. जुन्या कॉम्प्युटरला जागा वाढवून घ्यायला निघालेल्यांच्या कामाला यावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, तक्रारीत ते दिलेलं आहे. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात सगळेच असे आहेत, असंही कुणी समजू नये. तिथल्याच एका दुकानातून मी वर्षानुवर्षं सामान घेत आलोय, तो माणूस त्या दिवशी नेमका गावी गेला होता.

घरचा कॉम्प्युटर 2012 चा. एच61 चिपसेटचा मदरबोर्ड, आय3 प्रोसेसर, 500 जीबीची डिस्क. रॅम वाढवल्यावर आजही कुरकुर न करता चालतो. जागा संपली ती मिनी-डीव्ही, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटींमुळे. घरातल्या लग्न-मुंजींच्या कॅसेटी बुरशी लागायच्या आत उतरवून घ्यायच्या होत्या आणि मूळ दर्जात उतरवलं की तासाभराच्या कॅसेटला साधारण 13 जीबी लागतात. ही बातमी नातेवाइकांत पसरल्यावर त्यांच्याही पिशव्या आमच्या दिवाणावर येऊन पडल्या.

दुकानात मी चार टीबीची डिस्क मागितली. काउंटरवरच्या पोराने बोर्ड कुठला ते विचारलं आणि लगेच मान हलवली. “अंकल, मशीन पुराना है. दो टीबी के ऊपर उठेगा ही नहीं.” यात अर्धं खरं आहे, आणि तेच वाईट. डिस्कचे भाग पाडायच्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशनला साधारण 2.2 टीबीच्या पुढची जागा मोजताच येत नाही आणि जुन्या बायोसवर (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामवर) एवढ्या मोठ्या डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही. पण मला विंडोज त्यावर टाकायचंच नव्हतं. नुसत्या फाइली ठेवायला दुसरी डिस्क म्हणून लावायची असेल, तर जीपीटी या नव्या पद्धतीचं पार्टिशन करून विंडोज 7 पासून पुढे चार टीबीही चालते. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, लावा, पण परत घेणार नाही. त्याच्याकडे चार टीबीची नव्हतीच, हा माझा अंदाज.

मग त्याने सीसीटीव्हीसाठीची दोन टीबीची डिस्क काढली. चोवीस तास चालण्यासाठी बनवलेली असते, म्हणून जास्त टिकते, असं त्याचं म्हणणं. हेही अर्धं खरं. या डिस्का सतत रेकॉर्डिंगसाठीच बनवतात आणि घरच्या कॉम्प्युटरलाही बिनतक्रार चालतात. भाव नव्या डिस्कपेक्षा हजार-बाराशेने कमी. फार स्वस्त असती तर शंका आली असती, म्हणूनच तेवढाच कमी. वर त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडून दाखवला. तब्येत ‘गुड’, पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर चालली ते तास, अगदी बोटांवर मोजण्याएवढे. मग डिस्कवर दुकानाचं तारीख घातलेलं वॉरंटी स्टिकर लावलं आणि बजावलं, हे निघालं तर वॉरंटी गेली. पक्क्या बिलाला 18 टक्के जीएसटी वर पडेल म्हणून एस्टिमेटची चिठ्ठी दिली. पैसे मी यूपीआयने दिले.

घरी डिस्क 1863 जीबी दिसली. याने घाबरू नका, ही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या, म्हणून दोन टीबीचे तेवढेच दिसतात.

पहिले काही आठवडे सगळं ठीक. मग कॉपी मध्येच अडकायला लागली आणि कॅबिनेटमधून थांबून थांबून टकटक ऐकू यायला लागली. दुकानात नेली तर त्यांच्याकडे ती पाच मिनिटं नीट चालली. “केबल पुराना होगा.” डिस्क बोर्डाला जोडणारी नवी साटा केबल घेतली. पुन्हा तेच. मग “एसएमपीएस वीक है, मशीन पुराना है ना.” एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. एक डिस्क सुरू होताना 12 व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, माझ्या 450 वॉटच्या एसएमपीएसला ते जड जायचं काही कारण नव्हतं. तरी एसएमपीएस बदलला, कारण तो खरोखरच जुना होता आणि शंका एकदाची फिटावी असं वाटलं. जुन्या कॉम्प्युटरवाल्याला फसवणं यामुळेच सोपं जातं. काहीही बिघडलं की दोष कॉम्प्युटरच्या वयाचा, आणि वय आपल्याला नाकारता येत नाही.

पुढे विंडोजने आपणहून चेक-डिस्क हे डिस्कच्या चुका दुरुस्त करणारं काम चालवलं आणि भाचीच्या लग्नाचं अख्खं फोल्डर गायब झालं. ते परत मिळवायला फोटोरेक चालवलं. हा फुकटचा प्रोग्राम डिस्कच्या मोकळ्या जागेत पुसलेल्या फाइलींचे अवशेष शोधतो. सापडलेल्या व्हिडिओंपैकी एक उघडला. वरच्या कोनातून दिसणारा औषधाच्या दुकानाचा काउंटर, काचेवर ठेवलेला मळका कॅल्क्युलेटर, त्याच्यापुढे बाह्या दुमडून नोटा मोजणारा माणूस, आणि कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत तारीख, 2017 सालातली. फॉरमॅट करताना ‘क्विक’ निवडलं की फक्त यादी कोरी होते, मजकूर तिथेच पडून राहतो. त्या औषधाच्या दुकानदाराने आपली जुनी डिस्क भंगारात देताना हा विचार केला नसणार. त्याचा गल्ला आज माझ्या टेबलावर दिसतोय.

मग एकेक करून उलगडत गेलं. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर वॉरंटी केव्हाच संपलेली. हेअर ड्रायरने दुकानाच्या स्टिकरचा कोपरा सैल करून उचलला, तर खाली उत्पादनाची तारीख, 2016. स्टिकर बरोबर तिच्यावरच चिकटवलेलं. टॉर्च मारून साटा कनेक्टर पाहिला, तर सोनेरी पिनांवर केबल घालून-काढून पडलेल्या बारीक रेघा, आणि बाजूच्या स्क्रूच्या भोकांभोवती रंग उडून चकचकीत कडी. मी डिस्क दोन-तीनदाच काढली-बसवली होती.

तासांचा आकडा मात्र कमीच होता, कारण तो शून्यावर आणता येतो. लोक एकमेकांना ‘अवर्स बघून घ्या’ एवढंच सांगतात, म्हणून यावर जोर देतोय. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत हेच उघडकीला आलं. सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्का विक्रेत्यांमार्फत नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या, स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले) तास पुसलेले. पण त्या डिस्कांमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंदवही असते, तिच्यात हजारो तास तसेच राहिले होते. त्या चिया या कूटचलनाच्या (क्रिप्टोकरन्सीच्या) खाणकामात राबल्या असाव्यात, असा संशय होता. सीगेटची डिस्क असेल आणि लिनक्सची सवय असेल, तर स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत ‘स्मार्टसीटीएल’ने ही नोंद मागता येते. काही मॉडेलं ती देत नाहीत.

तासांपेक्षा क्रिस्टलडिस्कइन्फोमधल्या 05 आणि सी5 या दोन ओळी पाहाव्यात. 05 म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी5 म्हणजे वाचता न आल्याने रांगेत ठेवलेले. नव्या डिस्कवर दोन्ही शून्य हवेत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत) दाखवतं, सेटिंगमधून दशमानात करून घ्या, नाहीतर गोंधळ उडतो. विकत घेतली त्या दिवशी माझ्या डिस्कवरही दोन्ही शून्य होते, कारण तेही पुसलेले. सी5 नंतर वाढत गेला. म्हणून पूर्ण पृष्ठभागाची, म्हणजे डिस्कचा प्रत्येक कप्पा वाचून पाहणारी चाचणी लावायची, आणि तीही फाइली टाकायच्या आधी. दोन टीबीला चार-पाच तास लागतात, रात्री लावून झोपायचं.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘16 टीबी’च्या दोन-दोन हजारांच्या पोर्टेबल एसएसडींबद्दल वेगळं लिहायला नको. आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि विंडोजला खोटी क्षमता सांगितलेली असते. खरी क्षमता तपासणारा एच2टेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम लावला की पितळ उघडं पडतं.

मला डिस्क विकणाऱ्या दुकानदाराने आधी कानावर हात ठेवले. “हमने दिया ही नहीं.” त्याचंच तारखेचं स्टिकर आणि यूपीआयची नोंद दाखवल्यावर ‘कंपनीतूनच असं आलं’ झालं. मग बदलून देतो म्हणाला आणि ड्रॉवरमधून तशीच दुसरी काढली, तिच्याही पिनांवर रेघा. ती न घेता मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली, सोबत एस्टिमेट, स्टिकरचा फोटो, यूपीआयची पावती आणि वॉरंटी तपासणीचा स्क्रीनशॉट. पक्कं बिल असतं तर एवढी जुळवाजुळव लागली नसती.

डिस्कचे पैसे परत आले. भाचीच्या लग्नाची कॅसेट शाबूत होती, ती पुन्हा उतरवली. केबल आणि एसएमपीएसचे पैसे मात्र त्याने दिले नाहीत. ते दोन्ही नवेच निघाले, असं तो म्हणाला, आणि मी तपासलं तर तेवढं खरं होतं.