सोडवून आणलेल्या कोंबड्या: आधी खुराडं की थेट बाग?

अंड्यांच्या फार्मवरून सुटलेली कोंबडी बहुधा दीडेक वर्षाची असते. जेमतेम कागदाच्या तावाएवढ्या जागेत वाढलेली. माती उकरणं तिला ठाऊकच नाही. तिला आल्या आल्या बागेत सोडावं, की आठवडाभर खुराड्यात आणि त्याला जोडलेल्या जाळीच्या आवारात ठेवावं?

सोडायचा मोह होतोच. एखादी पंख पसरून धुळीत आडवी लोळते, ते पाहतच राहावं. पंचाईत होते संध्याकाळी. खुराडं आपलं घर आहे हे तिला कुठे माहीत? मग बॅटरी घेऊन झुडपाखाली शोधत बसा. शिवाय पिसं झडलेली उघडी कातडी उन्हात भाजते, आणि कुत्रं-मांजर आलं तर पळायला पायात बळ नसतं.

बंद ठेवलं तर दाणापाणी समोर राहतं, विष्ठा, तुऱ्याचा रंग, लंगडणं लगेच लक्षात येतं. अंड्यांच्या कवचापायी कॅल्शियम खर्चून हाडं ठिसूळ झालेली असतात, म्हणून बसायची दांडी गुडघ्याच्याही खाली हवी. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. कंटाळून एकमेकींना टोचतात खऱ्या, पण कोबीचा गड्डा टांगला की तासभर त्यालाच भिडतात.

माझं मत बंद ठेवण्याकडे. आठव्या दिवशी दार उघडा, तेही मावळतीच्या तासभर आधी: फार लांब जात नाहीत, अंधारलं की आपणहून आत. घरात जुन्या कोंबड्या असतील तर मात्र आठवडा पुरत नाही. नव्यांना महिनाभर लांबच ठेवा.