बदललेली लायब्ररी सोबत द्यायची असेल तर: एलजीपीएल २.१ की एमपीएल २.०?

आपल्या बंद (सोर्स कोड न देणाऱ्या) सॉफ्टवेअरमधून बदललेली लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) द्यायची आणि ती एमआयटी किंवा बीएसडी लायसन्सची असेल, तर चिंता नाही. कॉपीराइटची नोंद आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की काम झालं. अपाचे २.० ला बदललेल्या फाइलींवर तशी नोंद हवी असते, तेवढं सांभाळायचं. खरा पेच १९९९ च्या एलजीपीएल २.१ (जीएनयू लेसर जनरल पब्लिक लायसन्स) आणि २०१२ च्या एमपीएल २.० (मोझिला पब्लिक लायसन्स) मध्ये पडतो. सारखंच काम करणाऱ्या दोन लायब्रऱ्यांमधून निवड करताना मलाही तो पडला होता.

लायब्ररीत केलेले बदल खुले ठेवा, असं दोन्ही लायसन्स सांगतात आणि ते रास्तच आहे. दुसऱ्याच्या मेहनतीवर आपण उभे राहतो, तर आपली दुरुस्ती पुढच्याला मिळायलाच हवी.

माझी निवड ठरली ती स्टॅटिक लिंकिंगमुळे, म्हणजे लायब्ररी आपल्या प्रोग्रामच्या फाइलीतच मिसळून देण्यामुळे. ग्राहकाला लायब्ररी बदलून आपलं सॉफ्टवेअर पुन्हा जोडता आलं पाहिजे, हा एलजीपीएलचा आग्रह. लायब्ररी डायनॅमिक, म्हणजे वेगळ्या फाइलीत, ठेवली तर हे आपोआप साधतं. पण सगळं एकाच एक्झिक्युटेबलमध्ये गेलं की आपल्या बंद कोडच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले, पण अजून न जोडलेले तुकडे) तरी द्याव्या लागतात, किंवा किमान ३ वर्षं त्या देण्याची लेखी हमी. आधीच्या एका कामात आम्ही हे केलं होतं. प्रत्येक रिलीजच्या ऑब्जेक्ट फाइली जपायच्या, त्या नेमक्या कोणत्या कंपायलरने, कोणत्या फ्लॅगनी तयार झाल्या ते लिहून ठेवायचं, आणि जुन्या आवृत्तीसाठी कुणी विचारलं की तो संच पुन्हा जुळतो का ते तपासत बसायचं. शिवाय ग्राहकाला त्याने केलेले बदल डीबग करण्यापुरती रिव्हर्स इंजिनिअरिंगची (तयार प्रोग्राम उलगडून पाहण्याची) मुभा द्यावी लागते, म्हणजे ग्राहकाशी केलेला करारही पुन्हा लिहिणं आलं.

एमपीएलची हद्द फाइलीपाशी संपते. लायब्ररीच्या फाइली, आपल्या बदलांसकट, त्याच लायसन्सखाली राहतात. त्यांचा सोर्स कुठे मिळेल ते ग्राहकाला कळवायचं. स्टॅटिक असो वा डायनॅमिक, आपल्या फाइली आपल्याच. मात्र एमपीएलच्या फाइलीतला तुकडा आपल्या फाइलीत चिकटवला, तर तीही एमपीएलखाली जाते. रिव्ह्यूमध्ये आम्ही एवढंच काटेकोरपणे पाहतो.

नवी सोय वेगळ्या फाइलीत टाकून बंद ठेवण्याची वाट एमपीएलमध्ये उरते, आणि ती मला खटकते. वापरणाऱ्याच्या हक्कांचा विचार केला तर एलजीपीएल अधिक भक्कम आहे. तुमची लायब्ररी डायनॅमिकच राहणार असेल तर तेही खुशाल घ्या. एकच बायनरी द्यायची असेल, तर मी तरी एमपीएलच घेईन.