पद्मिनीच्या दाराची बाहेरची हँडलं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी साताऱ्यातली, चार दारांची प्रीमियर पद्मिनी. मे महिन्यात चारही हँडलं काढून बसवली. पुढची दोन मूळचीच, नवं क्रोम करून. मागचं डावं बाजारातलं नवं डुप्लिकेट, मागचं उजवं भंगारात निघालेल्या गाडीचं. कास-बामणोलीच्या पावसासकट आठ महिने झाले. आज सगळ्यांत चांगली चालतात ती मूळचीच.

डुप्लिकेट दिसायला झकास, पण पायाची, म्हणजे पत्र्यावर टेकणाऱ्या भागाची गोलाई दाराच्या पत्र्याशी जुळत नाही. मागच्या टोकाला नखभर फट राहते, तिथूनच पाणी आत जातं. बटणाची स्प्रिंगही मऊ. दाबलेलं बटण थंडीत सावकाश वर येतं. स्प्रिंग जुन्या हँडलची घातली आणि तो त्रास संपला. म्हणून जुनं तुटकं हँडल टाकू नका. नवं घेताना ते सोबत न्या आणि भोकांमधलं अंतर, पायाची गोलाई, प्लंजरची (बटण दाबल्यावर आत सरकणाऱ्या दांड्याची) लांबी शेजारी धरून बघा. पुढच्या हँडलमधला किल्लीचा बॅरल (किल्ली फिरते ती नळी) काढून नव्यात घातला तर किल्ली बदलावी लागत नाही.

क्रोमबद्दल स्पष्ट सांगतो. ही हँडलं मझॅकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची. प्लेटिंगवाल्याला आधी तांब्याचा थर, मग निकेल, मग क्रोम असं बजावून सांगा. तांब्याचा थर न देता निकेल चढवलं तर निकेलच्या द्रावणातलं आम्ल जस्ताला खातं आणि काही महिन्यांत फोड येतात. खड्डे खोल असतील तर नुसत्या पॉलिशनं भागत नाही, आधी ते भरून घ्यावे लागतात. बटण, स्प्रिंग, पिन सगळं सुटं करूनच द्यायचं आणि बटणाचं भोक झाकून घ्यायला सांगायचं. आमच्या एका हँडलच्या भोकात थर चढला, बटण अडकायला लागलं. बारीक पॉलिश पेपर गोल गुंडाळून फिरवल्यावर मोकळं झालं.

हँडल काढायला काच पूर्ण वर करा, काचेचा आणि आतला हँडल काढा, पॅड (दाराचं आतलं आवरण) क्लिपांपाशी हळूच उचकटा. मागचं प्लॅस्टिक फाडू नका, फाटलं तर नवं चिकटवा. त्याच्याशिवाय पॅडचा पुठ्ठा पावसात फुगतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही तेव्हाच तारेनं साफ होतात. हँडल आणि पत्रा यांमधलं रबर पॅकिंग मिळालं नाही तर ट्रकच्या जुन्या ट्यूबवर हँडलचा पाय ठेवून पेन्सिलीनं आखायचं आणि कापायचं. पॅकिंगशिवाय बसवलं तर धातू रंग खरवडतो आणि गंज तिथूनच धरतो.

खरी गोम प्लंजरची. बटण न दाबता प्लंजरचं टोक आणि लॅचची (दार बंद धरून ठेवणाऱ्या खिट्टीची) पट्टी यांत साधारण एक मिलिमीटर मोकळीक हवी. मोकळीक नसली तर लॅच अर्धवट उचललेलं राहतं आणि खड्ड्यात दार उघडू शकतं. जास्त झाली तर बटण पूर्ण दाबूनही दार उघडत नाही. प्लंजरला स्क्रू आणि लॉकनट असेल तर अर्धा-अर्धा फेरा फिरवून बघा, नट घट्ट करून पुन्हा तपासा; नट आवळताना स्क्रू फिरतो. ही सगळी तपासणी दार उघडं ठेवूनच करायची. लॅच स्क्रू ड्रायव्हरनं बंद स्थितीत ढकला, बटण दाबा, सुटलं का बघा. असं दहा वेळा झाल्यावरच दार लावा. आतला हँडल जोडलेला नसताना दार बंद झालं आणि बटण चाललं नाही, तर दुसऱ्या दारातून आत शिरून लॅचशी झटावं लागतं.

भंगारातल्या हँडलच्या क्रोमवर पांढरी भुकटी येते, दर महिन्याला पुसावी लागते. आतलं काम मात्र ठणठणीत. लॅचला पांढरं ग्रीस पुरतं. किल्लीच्या भोकात तेल नको, ग्रॅफाइटची पूड घाला. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावरची धूळ तेलात बसते आणि महिनाभरात किल्ली फिरेनाशी होते.